चीजबर्गर आणि कॅसची फाइल

विद्यापीठाच्या ग्रंथालयातून कोणत्या विषयाची पुस्तकं जास्त गायब होतात? आपल्याकडे विचारलं तर उत्तर येईल, स्पर्धा परीक्षांची. एरिक श्विट्झगेबेल या अमेरिकन तत्त्वज्ञाने हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या कपाटापुरता विचारला. तो कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड इथल्या शाखेत शिकवतो. ब्रिटन-अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांच्या नोंदी त्याने तपासल्या आणि २००९ मध्ये निष्कर्ष छापला. प्राध्यापक आणि वरच्या वर्गातले विद्यार्थी यांच्याशिवाय सहसा कोणी हात लावत नाही, अशा अलीकडच्या पुस्तकांत नीतिशास्त्राची पुस्तकं तत्त्वज्ञानाच्या इतर पुस्तकांपेक्षा साधारण ५० टक्क्यांनी जास्त बेपत्ता होती. १९०० च्या आधीच्या ग्रंथांत तर हे प्रमाण जवळजवळ दुप्पट भरलं. कर्तव्य म्हणजे काय हे समजून घ्यायला पुस्तक नेलं आणि ते परत करायचं कर्तव्य तेवढं राहून गेलं.

गडी तेवढ्यावर थांबला नाही. जोशुआ रस्ट या सहकाऱ्याला बरोबर घेऊन त्याने नीतिशास्त्राच्या प्राध्यापकांचा पिच्छाच पुरवला. ते मतदान इतरांपेक्षा जास्त करतात का? विद्यार्थ्यांच्या ईमेलना उत्तरं देतात का? आईला फोन करतात का? परिषदेत दुसऱ्याचं भाषण चालू असताना कुजबुजतात का, दार धाडकन लावतात का, जाताना चहाचे कप खुर्चीखाली तसेच टाकून जातात का? उत्तर बहुतेक ठिकाणी एकच निघालं: इतर प्राध्यापकांसारखेच. ना फार बरे, ना फार वाईट.

सगळ्यांत बोलका आकडा मांसाहाराचा. गाय, डुक्कर अशा सस्तन प्राण्यांचं मांस खाणं नैतिकदृष्ट्या वाईट आहे, असं नीतिशास्त्राच्या ६० टक्के प्राध्यापकांनी सांगितलं. तत्त्वज्ञानाबाहेरच्या प्राध्यापकांत हे प्रमाण अवघं १९ टक्के होतं. पण काल रात्री जेवणात असं मांस होतं का, असं विचारल्यावर मात्र दोन्ही गटांतला फरक आकडेशास्त्राच्या दृष्टीने नसल्यात जमा. नीतिशास्त्रवाल्यांतही तिघांतल्या एकाहून जास्त जणांनी ते खाल्लेलं होतं. मांसाहार चूक आहे हे सकाळी वर्गात सिद्ध करून दुपारी कँटीनमध्ये निवांतपणे चीजबर्गर खाणारा प्राध्यापक श्विट्झगेबेलच्या लेखनात मग वारंवार भेटू लागला.

हे सगळं मराठी माणसाला सांगितलं की तो आधी हसतो आणि मग म्हणतो, ‘लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.’ विषय संपला. मला मात्र वाटतं की विषय इथे सुरू होतो, आणि ती म्हण तो फार लवकर मिटवून टाकते. म्हणीचा रोख एका माणसावर असतो: हा ढोंगी. श्विट्झगेबेलच्या आकड्यांत ढोंगी माणूस सापडत नाही. सापडतो तो एक अख्खा पेशा, आणि तो ढोंगीही नाही, चारचौघांसारखा आहे. हे जास्त गंभीर आहे.

या पेशातल्या लोकांचा बचावही मला पाठ आहे, कारण त्याच खुर्च्यांवर बसून मी तो ऐकत आलो. ‘आम्ही नीतिशास्त्र शिकवतो, नीती नव्हे.’ सिगारेट ओढणारा डॉक्टर कर्करोगाबद्दल खोटं बोलत असतो का? त्याच्या सवयीने त्याचं निदान चुकीचं ठरत नाही. तसंच प्राध्यापकाने कांटचा युक्तिवाद नीट उलगडून दाखवला की त्याचं काम झालं. घरी तो काय खातो याच्याशी तुम्हाला काय करायचंय?

निम्मा बचाव मला मान्य आहे. शिक्षकाकडून संतपणाची अपेक्षा करायची, मग तो संत नाही म्हणून त्याचा विषयच मोडीत काढायचा, हा आपल्याकडचा जुना खेळ आहे आणि त्यातून हाती काही लागत नाही. पण उरलेला निम्मा बचाव लंगडा आहे. सिगारेट ओढणाऱ्या डॉक्टरचं फुप्फुसाचं ज्ञान खरोखरच कमी होत नाही. नीतीचं तसं नाही. एखादं तत्त्व पाळायला गेलं की ते कुठे अडतं, त्याची किंमत किती पडते, कोण दुखावतं, कोणत्या सबबी आपसूक जिभेवर येतात, हे त्या तत्त्वाबद्दलचंच ज्ञान आहे, आणि पाळायला गेल्याशिवाय ते मिळत नाही. ज्याने कधी कुणाला ‘हे मी करणार नाही’ असं तोंडावर सांगितलेलं नाही, त्याला नकाराबद्दल पुस्तकाबाहेरचं काय ठाऊक असणार? तो शिकवेल, चांगलं शिकवेल, पण त्याचा नकाशा नदीपाशी येऊन कोरा राहील.

श्विट्झगेबेलने स्वतःच्या मुलाचा एक शेरा नोंदवला आहे. मुलगा तेव्हा सात वर्षांचा होता. त्याच्या म्हणण्याचा मतलब असा, की शाळेत जी मुलं सारखी न्यायाने वागा, वाटून घ्या असं म्हणत असतात, त्यांना बहुतेक वेळा हवं असतं ते इतरांनी त्यांच्याशी न्यायाने वागणं आणि त्यांना वाटा देणं. प्राध्यापकांच्या कोणत्याही बैठकीत पाच मिनिटं बसलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

मग इतकं वाचून माणसं बदलत का नाहीत? श्विट्झगेबेलचं उत्तर मला पटतं. त्याच्या मते आपण बहुतेक जण चांगलं व्हायला धडपडतच नाही. आपण आजूबाजूच्यांइतकं चांगलं व्हायला धडपडतो. शेजारचे जेवढे प्रामाणिक तेवढे आपण, जमल्यास बोटभर वर, पण एकट्याने फार पुढे जायची तयारी नसते, कारण तिथे आपण मूर्ख ठरू अशी धास्ती असते. पुस्तक वाचून मोजपट्टी बदलत नाही, कारण मोजपट्टी पुस्तकात नसून स्टाफरूममध्ये असते. मराठीत या सिद्धान्ताचं नाव ‘सगळेच करतात’ असं आहे.

विद्यापीठांआधी हे टीव्हीवाल्यांना उमगलं, याचं मला फारसं आश्चर्य वाटत नाही. २०१६ ते २०२० या काळात अमेरिकेत चार पर्व चाललेली ‘द गुड प्लेस’ ही विनोदी मालिका अनेकांनी इथेही पाहिली आहे. टॉड मे आणि पामेला हायरोनिमी हे खरेखुरे तत्त्वज्ञ तिचे सल्लागार होते. तिच्यातला चिडी हा नीतिशास्त्राचा प्राध्यापक, त्याला सगळे सिद्धान्त तोंडपाठ. घरमालकाच्या भाच्याला नवा फोन समजावून सांगायचं वचन आधी दिलेलं, म्हणून हा आईच्या पाठीच्या शस्त्रक्रियेला गेला नाही. वचन पाळायला हवं ना! कोणत्या बारमध्ये जायचं हे ठरवता ठरवता रस्त्यात उभा असतानाच वरून एअर कंडिशनर पडून तो मेला. आणि मेल्यावर कळतं की त्याची जागा नरकात आहे, कारण त्याच्या न ठरवण्याने भोवतालच्या माणसांचे हाल झाले.

दुसऱ्या पर्वात रुळावरच्या ट्रॉलीचा सुप्रसिद्ध प्रश्न येतो: पाच जण मरू द्यायचे की ट्रॉली वळवून एकाला मारायचं? फिलिपा फूटने १९६७ मध्ये गर्भपातावर लिहिताना तो मांडला, जुडिथ जार्विस थॉमसनने पुढे त्याला नाव दिलं, आणि त्यानंतर जगभरच्या वर्गांत ही काल्पनिक ट्रॉली किती माणसं चिरडून गेली त्याला गणती नाही. मालिकेतला सैतान चिडीला खऱ्याच ट्रॉलीत उभा करतो. ब्रेक लागत नाही, समोर माणसं, तोंडावर रक्त उडतं, आणि इतकी वर्षं हा प्रश्न शिकवणाऱ्याची बोबडी वळते. विनोद म्हणून ते झकास आहेच. पण मालिकेचं खरं म्हणणं पुढच्या भागांत येतं. तिच्यातली माणसं सुधारतात ती सिद्धान्ताने पटवली म्हणून नव्हे. ती एकमेकांच्या गळ्यात पडलेली असतात, एकमेकांचं देणं लागत असतात, आणि त्या देण्याबद्दल बोलायला चिडीच्या तासामुळे त्यांच्याकडे शब्द आलेले असतात, म्हणून सुधारतात. शब्द आणि देणं दोन्ही लागतं. हा धडा एका विनोदी मालिकेने दिला आणि तो बहुतेक पाठ्यपुस्तकांपेक्षा खरा आहे.

आपल्या रंगभूमीवर प्राध्यापक त्याहून आधी आणि त्याहून कठोरपणे तपासला गेला. फूटच्या निबंधाचंच साल, १९६७. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ रंगमंचावर आलं. लीला बेणारेवर खेळातला खटला चालतो. ज्याच्यामुळे तो चालतो ते प्राध्यापक दामले विद्वान आहेत, त्यांच्या बुद्धीला ती भुललेली आहे, आणि ते अख्ख्या नाटकात रंगमंचावर येतच नाहीत. तेंडुलकरांनी त्यांना एकही वाक्य दिलेलं नाही. सगळी जबाबदारी दुसऱ्याच्या अंगावर पडत असताना विद्वान माणूस कामात असतो, बाहेरगावी असतो, त्याला निरोप पोचलेला नसतो. चिडी ठरवू शकत नाही म्हणून नरकात जातो. दामल्यांना काही ठरवावंच लागत नाही, आणि त्यांच्या नोकरीलाही धक्का लागत नाही. मला विचाराल तर दामल्यांच्या गैरहजेरीवर नीतिशास्त्राचा एक पूर्ण तास घेता येईल. मराठीच्या अभ्यासक्रमात हे नाटक वर्षानुवर्षं आहे. तत्त्वज्ञानाच्या अभ्यासक्रमात मात्र ट्रॉली आहे.

इथवर वाचून वाटेल की नीतीचे तास म्हणजे वेळेचा अपव्यय. मीही तसंच म्हणालो असतो, पण श्विट्झगेबेलच्याच पुढच्या एका प्रयोगाने ती वाट बंद केली. ब्रॅड कोकेलेट आणि पीटर सिंगर यांच्याबरोबर केलेला हा प्रयोग २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्याच विद्यापीठातल्या हजारावर विद्यार्थ्यांपैकी निम्म्यांना मांसाहाराच्या नीतीवरचा लेख वाचायला देऊन त्यावर गटचर्चा घेतली, बाकीच्यांना दानधर्मावरचा. मग कोणालाही न विचारता कँटीनमधल्या त्यांच्या जेवणकार्डांवरच्या नोंदी पाहिल्या. मांसाहारावर बोललेल्या मुलांच्या खरेदीत मांसाचे पदार्थ ५२ टक्क्यांवरून ४५ टक्क्यांवर आले. दानावर बोललेल्यांत काही फरक नाही. इतक्या वर्षांत ‘काही परिणाम होत नाही’ हेच ऐकायची सवय झालेल्या श्विट्झगेबेललाही हे अनपेक्षित होतं.

सात टक्के म्हणजे काही क्रांती नव्हे. शिवाय पिंडावर संस्कार करणारं वर्षभराचं शिक्षण वगैरेही इथे नव्हतं. एक लेख आणि एका तासाची चर्चा, एवढंच. तरी हललं. का हललं, यावर संशोधक सावध बोलतात. मी थोडा बेसावध बोलतो. प्रश्न त्या मुलांच्या ताटातला होता. तास संपल्यावर अर्ध्या तासात तोच प्रश्न कँटीनच्या काउंटरवर त्यांच्यासमोर येणार होता, आणि आजूबाजूची मुलंही त्याच चर्चेतून उठून आलेली होती. म्हणजे मोजपट्टीच जराशी सरकली होती. ट्रॉलीचा प्रश्न कितीही रंगवला तरी तो संध्याकाळी कुणाच्या वाटेत येत नाही. आणि मला वाटतं, तो म्हणूनच इतका लोकप्रिय आहे.

आता आपल्या ताटात काय आहे ते पाहू.

आपल्याकडे नीती शिकवायची हौस दांडगी आहे. यूपीएससीने २०१३ पासून मुख्य परीक्षेत नीतीचा २५० गुणांचा स्वतंत्र पेपर ठेवला. आता एमपीएससीच्या वर्णनात्मक मुख्य परीक्षेतही तो आला. पुण्यात सदाशिव पेठेत अभ्यासिकांच्या खालच्या झेरॉक्सच्या दुकानांत ‘एथिक्स’च्या नोट्स रतीबाने विकल्या जातात. त्यातल्या केस स्टडी पाहा. ‘तुम्ही एका जिल्ह्याचे जिल्हाधिकारी आहात...’ बहुतेक वेळा तुम्ही जिल्हाधिकारीच. तुम्ही कधी कारकून नसता, कंत्राटी कर्मचारी नसता, नऊ जण एका खोलीत राहून परीक्षा देणारा उमेदवार तर नसताच. प्रश्न नेहमी उद्याच्या खुर्चीतला, आजच्या गादीवरचा नाही. २०१७ मध्ये चेन्नईत यूपीएससीच्याच मुख्य परीक्षेत ब्लूटूथवरून कॉपी केल्याच्या आरोपात एक आयपीएस अधिकारी पकडला गेला. आधीची परीक्षा तो नीतीचा पेपर देऊनच पास झालेला होता. एका माणसावरून पेपर निकालात काढू नये, हे खरं. पण हा पेपर परीक्षार्थीला परीक्षेबद्दल काही विचारत नाही, हेही खरंच.

संशोधनातही तेच. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, पीएचडीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ‘संशोधन आणि प्रकाशन नीती’ हा दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम सक्तीचा केला, त्याला काही वर्षं झाली. पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिकं, कुणाचं नाव लेखक म्हणून लावावं, वाङ्मयचौर्य, सगळं त्यात आहे. कागदावर उत्तम. २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमांनी टक्केवारीही ठरवून दिली: १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, ४० पर्यंत सुधारून आणा, ६० पर्यंत वर्षभर थांबा, त्यावर नोंदणी रद्द. मोजायला सॉफ्टवेअर. इंग्रजी पुस्तकातली प्रकरणं जशीच्या तशी मराठीत उतरवली तर या सॉफ्टवेअरला सहसा पत्ता लागत नाही, हे मराठीत संशोधन करणाऱ्या कोणालाही विचारा. आकडा ९ टक्के आला की गाइड आणि विद्यार्थी दोघांचाही जीव भांड्यात पडतो, आणि बोलणं तिथे संपतं.

हा अभ्यासक्रम शिकवतो कोण? ज्याची कॅसची फाइल तयार होत असते तो. ज्यांना हा शब्द परका आहे त्यांच्यासाठी: कॅस म्हणजे प्राध्यापकाच्या बढतीची योजना. फाइल म्हणजे जाडजूड बॉक्स फाइल. त्यात प्रत्येक ‘पेपर’च्या मागे अंकाचं मुखपृष्ठ, अनुक्रमणिका, लेखाचं पहिलं पान आणि आयएसएसएन क्रमांक, त्यावर पिवळा हायलायटर, बाजूला चिकटवलेला रंगीत फ्लॅग. समितीतले लोक फ्लॅग मोजतात. अनुक्रमणिका पाहतात. लेख कोणी वाचत नाही, आणि आपला लेख कोणी वाचणार नाही हे लिहिणाऱ्याला लिहितानाच ठाऊक असतं. २०१० मध्ये यूजीसीने गुणांकाची पद्धत आणली, आणि प्रत्येक पेपरला पॉइंट मिळायला लागल्यावर पॉइंटांची बाजारपेठ उभी राहायला कितीसा वेळ लागणार? व्हॉट्सॲपवर निरोप फिरतो: अमुक महाविद्यालयात एकदिवसीय बहुविद्याशाखीय आंतरराष्ट्रीय परिषद, आलेले सर्व शोधनिबंध विशेषांकात, शुल्कात प्रमाणपत्र समाविष्ट. ‘आंतरराष्ट्रीय’ कशी, तर नेपाळहून एक पाहुणे ऑनलाइन बोलणार असतात. त्यात मूल्यशिक्षणावरचे निबंध हमखास असतात.

हे करणारे लोक वाईट आहेत, असं मी म्हणणार नाही. त्यांतले कितीतरी वर्गात जीव ओतून शिकवतात. विचारलं तर सांगतात, ‘सगळेच करतात, सर. नाही केलं तर मागे राहतो.’ ते खोटं नाही. नेमक्या याच जागी नीतिशास्त्र कामाला यायला हवं होतं, कारण तेवढ्या एका विषयाचा धंदाच ‘सगळेच करतात’ या वाक्याची उलटतपासणी घेण्याचा आहे. तिथेच तो विषय गप्प राहतो आणि विद्यार्थ्याला ट्रॉली दाखवतो.

घरचा प्रश्न घरात मोजला की काय होतं, याचं उदाहरण पुण्यातच आहे. यूजीसीने मान्यता दिलेल्या नियतकालिकांच्या यादीची छाननी भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून केली. विद्यापीठांच्या शिफारशीने यादीत आलेल्या, पण स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्ससारख्या सूचींत नसलेल्या नियतकालिकांतली ८८ टक्क्यांहून जास्त सुमार असू शकतात, असं त्यांनी २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये लिहिलं. त्याच वर्षी यूजीसीने ४,३०५ नियतकालिकं यादीतून काढली आणि केअर नावाची नवी यादी आणायचं ठरवलं. ती यादीही २०२५ मध्ये बंद करून जबाबदारी पुन्हा संस्थांवर टाकली. दरम्यान पटवर्धन उच्च शिक्षणसंस्थांना श्रेणी देणाऱ्या नॅकच्या कार्यकारी समितीचे अध्यक्ष झाले, आणि काही संस्थांना संशयास्पद श्रेणी दिल्या जात असल्याचा आरोप करून २०२३ मध्ये पायउतार झाले. त्यानंतर दोन वर्षांच्या आत सीबीआयने नॅकच्या एका तपासणी समितीच्या अध्यक्षासह काही जणांना श्रेणीसाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून अटक केली. या क्रमात कुठेही तत्त्वज्ञानाच्या विभागाचं नाव नाही. पटवर्धन वैद्यकीय संशोधनातले. नियतकालिकांचा प्रश्न आधी मोजून मांडायला आमच्यापैकी कोणी पुढे आल्याचं मला आठवत नाही. आम्ही तेव्हा बहुधा पुढच्या परिषदेच्या तयारीत होतो.

हे पूर्वी जमत नव्हतं असंही नाही. डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४ मध्ये निघाली आणि सहा वर्षांत टिळकांनी तिचा राजीनामा दिला. सामाजिक सुधारणांवरून टिळक-आगरकरांचं फाटलं, एवढंच आपण लक्षात ठेवतो. संस्थेतलं भांडण बऱ्याच अंशी वेगळ्याच गोष्टीवर होतं: आजीव सदस्याने पगार किती घ्यावा, बाहेरची कामं करून वरकमाई करावी का, संस्थेसाठी वाहून घेणं म्हणजे नेमकं किती वाहून घेणं. त्यागाचा बाणा कडक हवा, असं टिळकांचं म्हणणं. संसार असलेल्या माणसांकडून किती मागायचं यालाही मर्यादा आहे, असं दुसऱ्या बाजूचं. माझा कल दुसऱ्या बाजूकडे आहे, पण मुद्दा तो नाही. आपल्याच संस्थेच्या वेतनाचा प्रश्न त्यांनी तत्त्वाचा प्रश्न म्हणून लेखी मांडला, त्यावर मैत्री पणाला लावली, आणि एकाने नोकरी सोडली. शेवटी ज्या आगरकरांच्या नावावर ‘इष्ट असेल ते बोलणार आणि साध्य असेल ते करणार’ हे वाक्य आहे, ते याच संस्थेच्या फर्ग्युसन महाविद्यालयाचे पुढे प्राचार्य झाले. कोरडा पाषाण ठरण्याची भीती त्या वाक्यात नाही. बोलणं आणि करणं यांत अंतर राहणार, हे त्यात आधीच कबूल केलेलं आहे. अंतर आहे म्हणून बोलायचं थांबवणार नाही आणि बोललो म्हणून करायची सुट्टी घेणार नाही, असा तो करार आहे. चीजबर्गर खाणाऱ्या प्राध्यापकाने निदान एवढं तरी म्हणावं. तो म्हणतो, ते माझ्या विषयात येत नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे. आज महाविद्यालयांत शिकवणाऱ्यांत तासिका तत्त्वावर राबणारे किती तरी जण आहेत. तास झाला तर पैसे, सुट्टीत शून्य, बिल निघायला महिनोन्महिने. नेट-सेट आहे, पीएचडी आहे, वय चाळिशीकडे झुकलंय, आणि कायम नेमणुकीसाठी काय ‘द्यावं’ लागतं याची कुजबुज प्रत्येक मुलाखतीच्या दाराबाहेर चालू असते. अशा माणसाने संस्थाचालकासमोर उभं राहून अनीतीवर बोट ठेवावं, ही अपेक्षा करायची म्हणजे स्वतः पेन्शनवर बसून दुसऱ्याला सत्याग्रहाला पाठवणं झालं. त्याला ट्रॉलीच शिकवू द्या. त्याची चूक नाही.

पण कायम नोकरीतल्यांचं तसं नाही. सातवा वेतन आयोग लागू झालेला, गाइड म्हणून विद्यार्थी रांगेत, अभ्यास मंडळावर सदस्यत्व, निवृत्तीला चार-पाच वर्षं उरलेली. ‘संशोधन आणि प्रकाशन नीती’चा पहिला तास अशा माणसाने स्वतःच्या प्रकाशनांची यादी हातात घेऊन घ्यावा. यातले कोणते निबंध पॉइंट नसते तरी मी लिहिले असते? कशावर विद्यार्थ्याचं काम आणि माझं नाव आहे? कोणत्या नियतकालिकाला पैसे भरले, आणि लेख मिळाल्यापासून किती दिवसांत ‘स्वीकृत’ झाला? वर्गात बसलेल्या विद्यार्थ्याला संध्याकाळी नेमका हाच व्हॉट्सॲप निरोप येणार आहे. कँटीनमधल्या त्या मुलांसारखा त्याच्यापुढे खरा प्रश्न असेल, आणि मोजपट्टीवर निदान एक खूण तरी नव्या जागी पडलेली असेल. असा तास घेणाऱ्याचा पगार थांबत नाही. फार तर पुढच्या वर्षी अभ्यास मंडळावरून नाव वगळलं जातं, आणि परिषदांची बीजभाषणं मिळायची बंद होतात.